पाण्याचं रीडिंग झिरो का येईना

क्युव्हेटमध्ये, म्हणजे रंग मोजायच्या मशीनमध्ये ठेवायच्या चौकोनी काचेच्या भांड्यात, नुसतं डिस्टिल्ड वॉटर होतं आणि मशीन दाखवत होतं ०.०१६. सकाळी ह्याच क्युव्हेटमध्ये हेच पाणी घालून मी झिरो सेट केलेला, मधे तिच्यात निळ्या रंगाचं पाणी वाचलेलं. म्हटलं बोटाचा ठसा असेल, टिश्यूनं पुसली, परत ठेवली, ०.०१६. पाण्यानं तीनदा खळबळून धुतली, ०.०१५. आमचे अटेंडर, ज्यांना अख्खं डिपार्टमेंट अण्णा म्हणायचं, ते स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी क्युव्हेट माझ्या हातातनं घेतली, खिडकीकडं धरली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "बण्णा होगंगिल्ला री. काचेला धरलंय ते." म्हणजे रंग काय आता जाणार नाही. मला वाटलं यांना धुवायचा कंटाळा आलाय म्हणून असं म्हणतायत. पुढं दोन महिने मी जे केलं ते म्हणजे अण्णांचं तेवढं एक वाक्य आकड्यात लिहून काढणं.

गोष्ट एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची आहे, बेळगावातलीच. प्रोजेक्ट होता मेथिलीन ब्लूचा. आपल्याकडं दर तिसऱ्या केमिस्ट्रीवाल्याचा प्रोजेक्ट हाच असतोय, मेथिलीन ब्लू घ्यायचं, त्यात झिंक ऑक्साइड नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइड टाकायचं, उन्हात नाहीतर बल्बखाली ठेवायचं, रंग उडाला की ग्राफ काढायचा आणि शेवटी "सांडपाणी शुद्धीकरणासाठी उपयुक्त" असं लिहून बाइंडिंगला द्यायचं. मी पण तेच करणार होतो. माझं घर वडगावात, बाबांचं काम सूत रंगवायचं, घराच्या मागं हौद आणि भट्टी, आणि दिवसभर शेजारच्या मागांची खटखट. त्यामुळं रंगाचं सांडपाणी म्हटल्यावर माझ्या गाइड मॅडमना पण वाटलं की ह्याला विषय बरा जमेल.

मशीन म्हणजे यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर. एका बाजूला दिवा, मधे प्रकाशाचे रंग सुटे करणारं ग्रेटिंग, मग आपली एक सेंटिमीटरची काचेची क्युव्हेट, पलीकडं डिटेक्टर. किती प्रकाश गेला आणि किती पोचला यावरनं अ‍ॅब्सॉर्बन्स काढतंय. मेथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरला म्हणजे लाल प्रकाश जोरात पितंय, म्हणून आपल्याला ते निळं दिसतंय. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात माशांना बुरशी लागली की देतात ते हेच. १८७६ मध्ये हाइनरिश कारो नावाच्या जर्मन केमिस्टनं पहिल्यांदा बनवलेलं. रंग इतका कडक की लिटरभर पाण्यात ३ मिलिग्रॅम घातलं तरी मशीनला ०.७५ च्या आसपास रीडिंग मिळतंय. ३ मिलिग्रॅम म्हणजे रवा-साखरेचे चार-पाच दाणे असतील नसतील.

तर कुठलाही प्रोजेक्ट सुरू करायच्या आधी कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे किती रंगाला किती रीडिंग याची रेघ आखून घ्यायची. मी १ मायक्रोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत (१० म्हणजे लिटरला साधारण ते ३ मिलिग्रॅम) सोल्यूशन्स केली, शंभर मिलीच्या फ्लास्कमध्ये भरून रात्रभर ठेवली, कारण दुपारी पाऊस आणि करंट एकदमच आले-गेले, आणि दिवा तापायलाच अर्धा तास लागतोय. दुसऱ्या दिवशी पातळकडून घट्टकडं वाचत गेलो. १ मायक्रोमोलरला ०.०७५ यायला पाहिजे होतं, आलं ०.०६३. म्हटलं मोजायला चुकलो. परत तीच सोल्यूशन्स उलटीकडनं वाचली, घट्टकडून पातळकडं, तर तेच १ मायक्रोमोलर आता ०.०७८. बाटली तीच, पाणी तेच, मशीन तेच, आणि वाचायचा क्रम बदलला की उत्तर बदलतंय. आणि गंमत अशी की दोन्ही रेघा दिसायला सरळच होत्या, एक्सेलनं दोन्हीला शाबासकी दिली. एकदाच वाचून सोडलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं, मला तर नाहीच.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. ते जे ०.०१६ आहे ते फक्त ६६४ लाच आहे का सगळीकडं आहे? घाण असेल, ओरखडा असेल तर प्रकाश सगळीकडंच विखुरणार, रेघ सरसकट वर उचललेली दिसणार. मी पाणी भरलेल्या त्या "स्वच्छ" क्युव्हेटचा पूर्ण स्कॅन मारला, ४०० पासून ८०० पर्यंत. आणि स्क्रीनवर हळूहळू एक टेकडी उभी राहिली. बारकी, थरथरती, पण टेकडी. टोक साडेसहाशेच्या वर, डावीकडं खांदा. पाण्यात काही नव्हतं, पाणी मी तीनदा बदललेलं. रंग काचेवर होता.

ह्याला अ‍ॅडसॉर्प्शन म्हणतात, ब नाही ड, मराठीत अधिशोषण. स्पंज पाणी पितो ते शोषण, आणि भिंतीला धूळ बसते तसं नुसतं पृष्ठभागावर बसणं ते अधिशोषण. (माझ्या रिपोर्टात टायपिंगवाल्यानं चाळीस ठिकाणी ड चा ब केला, तो वेगळा विषय.)

पण का बसतंय? आपण काच म्हणजे अगदी निर्विकार वस्तू समजतो, म्हणून तर लॅबमध्ये सगळं काचेचं. पण काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं, आणि पृष्ठभागावर ते जाळं तुटलेलं असतंय, तिथं सिलिकॉनला एकेक ओएच लटकलेला असतो, सिलॅनॉल म्हणतात त्याला. पाण्यात गेला की पीएच दोन-तीनच्या वर हे सिलॅनॉल हायड्रोजन सोडायला लागतात आणि मागं निगेटिव्ह चार्ज उरतो. म्हणजे साध्या पाण्यातली काच ही निगेटिव्ह असते. आणि मेथिलीन ब्लूचा रेणू पॉझिटिव्ह. झालं, जमलं लग्न. खात्री करायला मी तसल्याच दुसऱ्या क्युव्हेटमध्ये मेथिल ऑरेंज नावाचा रंग घातला, तो रेणू निगेटिव्ह आहे. दोनदा पाण्यानं धुतल्यावर मशीन ०.०००. एक कण चिकटला नाही. आणि मेथिलीन ब्लूवाली क्युव्हेट स्पिरिटमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे थेंब टाकून धुतली तर एका दमात ०.००१. अ‍ॅसिडमधले हायड्रोजन परत सिलॅनॉलवर जाऊन बसले, काचेचा चार्ज गेला, रंगाला धरून ठेवायला काही राहिलं नाही.

मग मी हिशोब केला आणि मला तो आजपण आवडतो. मेथिलीन ब्लूचा रेणू आडवा झोपला तर साधारण १.२ चौरस नॅनोमीटर जागा खातो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटर काचेवर एकच थर दाटीवाटीनं बसवला तर आठ-साडेआठच्या पुढं तेरा शून्यं इतके रेणू. आकडा मोठा वाटतो, पण त्यानं येणारा अ‍ॅब्सॉर्बन्स फक्त ०.०१. प्रकाशाचा सव्वादोन टक्के. क्युव्हेटच्या समोरच्या आणि मागच्या दोन्ही आतल्या बाजू धरल्या तर ०.०२. मला आलेलं ०.०१६. म्हणजे मी जे बोटाचा ठसा म्हणून पुसत बसलो होतो तो जवळजवळ पूर्ण भरलेला एक रेणू जाडीचा थर होता!

आता फ्लास्क. शंभर मिलीच्या फ्लास्कची आतली बाजू साधारण १२० चौरस सेंटिमीटर. तेवढ्या काचेवर एक थर बसला तर १ मायक्रोमोलर सोल्यूशनमधला सतरा टक्के रंग गायब, आणि १० मायक्रोमोलरमधला दोन टक्के पण नाही. म्हणून पातळ सोल्यूशन मार खातंय. पण त्याच वेळी क्युव्हेटच्या भिंतीवर बसलेला रंग प्रकाशाच्या वाटेत येतोय, तो रीडिंग वाढवतोय. फ्लास्क चोरी करतोय आणि क्युव्हेट ती भरून देतेय, दोघी चुका एकमेकींवर पांघरूण घालतात, आणि रेघ सरळची सरळ. मला राग आला होता खरं सांगायचं तर, किती लोकांच्या थिसिसमध्ये ही रेघ असेल. झिंक ऑक्साइड बाजूलाच राहिलं, मॅडम म्हणाल्या आता हाच प्रोजेक्ट कर.

एका स्लाइडवरचा रंग मोजायचा तर ०.०२ साठी धडपड, आमचं मशीन सकाळ-संध्याकाळ तेवढं तर आपलं आपणच हलतंय. म्हणून मी जुगाड केला. मायक्रोस्कोपच्या स्लाइड्स, त्या एक मिलिमीटर जाड असतात, खडेबाजारात फोटो फ्रेम करणाऱ्याकडं घेऊन गेलो आणि म्हटलं ह्याच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढून द्या. तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं काय मी देवाचा फोटो कापायला सांगितलाय. पण हिऱ्याच्या कटरनं अशा सटासट पट्ट्या काढल्या त्यानं, कट् असा आवाज आणि तुकडा वेगळा, पैसे पण घेतले नाहीत, म्हणाला एवढ्याचे काय घ्यायचे. सात पट्ट्या एकाला एक लावल्या की क्युव्हेटच्या खोबणीत बरोबर बसतात. सात पट्ट्या म्हणजे चौदा बाजू, म्हणजे ०.१४, हे आमच्या मशीनला पण दिसतंय. एक घोळ राहतो, काचेची प्रत्येक बाजू हवेत चारेक टक्के प्रकाश परत फेकते, चौदा बाजूंनी मिळून बरंच नुकसान होतं. त्यावर उपाय म्हणजे तशाच सात कोऱ्या पट्ट्यांवर झिरो सेट करायचा.

आणि तिथं मला पहिल्यांदा मजा आली. पाण्यात पातळ मेथिलीन ब्लूचा स्पेक्ट्रम, म्हणजे स्कॅन मारल्यावर येणारी रेघ, म्हणजे ६६४ ला उंच टोक आणि ६१२ च्या आसपास बारका खांदा. एकट्या रेणूचं टोक ६६४ ला, आणि दोन रेणू एकमेकांवर भाकरीसारखे बसले, डायमर झाला, की तो ६१२ कडं प्रकाश पितो. पट्ट्या वाळवून बघितल्या तर खांदा वर आलेला, टोक बसकं झालेलं. पट्टी जेवढ्या घट्ट सोल्यूशनमध्ये बुडवावी तेवढा खांदा अजून वर. म्हणजे काचेवर रंग किती आहे हे तर कळतंयच, पण तो एकेकटा बसलाय का गर्दी करून बसलाय हे पण त्या एका वाकड्या रेघेतनं कळतंय. डोळ्याला मात्र पट्टी कोरीच दिसते. पांढऱ्या कागदावर सातही ठेवून तिरकं बघितलं तरच जरा निळसर झाक.

रात्री जेवताना हे बाबांना सांगूलालो होतो. बाबा दहावी नापास, पण तीस वर्षं लडी हौदात बुडवून काढल्यात, त्यामुळं रंग कसा चढतो हे मला ते शिकवणार का मी त्यांना, असा प्रश्नच आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीठ घाल की. मिठाबगर रंग चढतोय व्हय कुठं?"

दुसऱ्या दिवशी मी घातलं. म्हटलं बघू. त्याच्या आधी एक सांगायचं राहिलं, पट्ट्यांचा जीव केवढा, जास्त काच पाहिजे म्हणून मी मामाकडनं काचेचे मणी आणलेले. मामा उद्यमबागेत फौंड्रीत आहे, तिथं कास्टिंगचा पृष्ठभाग साफ करायला बारीक काचेचे मणी हवेच्या जोरानं मारतात, ग्लास बीड म्हणतात. दिसायला पिठीसाखर, एकेक मणी एक दशांश मिलिमीटरचा. अशा दहा ग्रॅम मण्यांचा पृष्ठभाग भरतो जवळजवळ अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. नुसते धुवून वापरले तर पाण्याचा पीएच वर चढायचा कारण ह्या काचेतला सोडा पाण्यात उतरतो, म्हणून आधी पातळ अ‍ॅसिडनं, मग पाण्यानं, मग परत पाण्यानं, परत पाण्यानं. पन्नास मिली सोल्यूशनमध्ये दहा ग्रॅम मणी टाकून हलवलं की पंधरा मिनिटांत वरचं पाणी फिकं आणि तळाचे मणी निळे, इथं मशीनची पण गरज नाही.

तर त्या निळ्या मण्यांवर चिमूटभर मीठ टाकलं, आणि हलवलं, आणि वरचं पाणी परत निळं झालं. उलटंच! चढायच्या ऐवजी उतरला. मी बाबांना फोन केला, ते म्हणाले मीठ कुठलं घातलास, आयोडीनवालं घातलास काय. मी म्हटलं लॅबचं शुद्ध आहे. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझी काच खुळी आहे."

काच खुळी नव्हती. बाबा जे सुती धाग्याला वापरतात ते डायरेक्ट नाहीतर रिअ‍ॅक्टिव्ह रंग, त्यांचे रेणू निगेटिव्ह. आणि पाण्यात भिजलेलं सूत पण निगेटिव्हच. दोघं एकमेकांना ढकलतात. मिठातला सोडियम मधे येऊन हे भांडण दाबतो, मग रंग धाग्याच्या जवळ जाऊ शकतो, एकदा जवळ गेला की बाकीच्या ताकदी त्याला धरून ठेवतात. माझ्याकडं भांडण नव्हतंच, माझ्याकडं प्रेम होतं, निगेटिव्ह काच आणि पॉझिटिव्ह रंग. तिथं सोडियम मधे आला तो रंगाची जागा बळकवायला. एकच मीठ, वडगावात जोडतंय आणि माझ्या बीकरमध्ये तोडतंय. हे मी संध्याकाळी घरी येऊन कागदावर प्लस-मायनस काढून दाखवलं तर बाबा म्हणाले म्हणजे मी म्हटलं ते बरोबरच होतं की. होय की, बरोबरच होतं.

पुढं नेहमीचं काम, वेगवेगळी सोल्यूशन्स, मण्यांनी किती ओढलं, पाण्यात किती उरलं, आणि एकच थर बसतो असं धरून काढायचा लँगम्यूरचा ग्राफ. अर्व्हिंग लँगम्यूर अमेरिकेत दिव्याच्या बल्बांच्या कंपनीत काम करायचा आणि पृष्ठभागावरच्या कामासाठी त्याला १९३२ चं नोबेल मिळालं, हे सगळ्या पुस्तकात असतंय. पण त्याचा १९१८ चा मूळ पेपर ज्या सपाट पृष्ठभागांवरच्या वायूंबद्दल आहे त्यात अभ्रक आणि प्लॅटिनमबरोबर काच पण आहे, हे मला तेव्हाच कळलं आणि उगीचच बरं वाटलं. माझे मणी हिशोबातल्या निम्म्याच्या आसपास भरले. सगळ्या जागा सारख्या नसतात, सगळे रेणू शहाण्यासारखे आडवे झोपत नाहीत, लँगम्यूरचं गणित मात्र दोन्ही धरून चालतं. त्या भागावर मी जास्त बोलत नाही, व्हायव्हात पण नाही बोललो.

बाहेरच्या लॅबमध्ये हेच काम कसं करतात ते वाचून मात्र माझ्या सात पट्ट्यांची लाज पण वाटली आणि कौतुक पण. एक पद्धत आहे कॅव्हिटी रिंग-डाउन, १९८८ मध्ये ओ'कीफ आणि डीकननं आणलेली. दोन अतिशय चकचकीत आरशांमध्ये लेसरचा एक ठोका कोंडायचा, तो हजारो वेळा इकडून तिकडं आपटतो, आणि तो विझायला किती वेळ लागतो तेवढंच मोजायचं. मधे काच ठेवली आणि तिच्यावर क्रिस्टल व्हायोलेट नावाच्या रंगाचे थोडे रेणू जरी बसले तरी तो लवकर विझतो. मी सात पट्ट्यांतनं प्रकाश एकदा पाठवला, ते एकाच काचेतनं हजारदा पाठवतात, कल्पना तीच की. दुसरी भारी म्हणजे सेकंड हार्मोनिक. १९८२ मध्ये हाइन्झ, शेन वगैरे मंडळींनी काचेवर बसलेल्या रोडामीन नावाच्या रंगावर ती करून दाखवली. लेसरचा प्रकाश पृष्ठभागावर मारायचा आणि बरोबर निम्म्या तरंगलांबीचा जो प्रकाश परत येतो तो गोळा करायचा. काचेच्या पोटात आणि पाण्यात सगळ्या दिशा सारख्या, त्यामुळं तिथनं तो जवळजवळ येतच नाही, येतो तो फक्त शिवेवरनं, जिथं एक बाजू काच आणि दुसरी बाजू पाणी. शिवेवर जे होतंय ते आतल्या कुठल्याच बाजूला होत नाही. आम्हा बेळगावकरांना हे वेगळं सांगायला नको.

प्रोजेक्ट संपल्यावर मामाकडं राहिलेले मणी द्यायला गेलो. त्याच्या फौंड्रीच्या सँड लॅबमध्ये टेबलावर निळी ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब सोडायची काचेची नळी! विचारलं हे काय, तर मेथिलीन ब्लू. साच्याच्या वाळूत बेंटोनाइटची माती किती जिवंत आहे हे बघायला ते रोज तेच वापरतात. माती पण निगेटिव्ह, निळा रंग पीत राहते, पिऊन पोट भरलं की फिल्टर पेपरवर टाकलेल्या थेंबाच्या भोवती निळसर कडं पसरतं, तिथं थांबायचं. दोन महिने मी जे शोधत होतो ते घरापासून तीन-चार किलोमीटरवर रोज सकाळी चालू होतं आणि मामानं कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

मी त्याला फ्लास्क आणि क्युव्हेट आणि चोरी असं सगळं सांगितलं. तो गंभीर झाला. "मग आमचं रोजचं टेस्टिंग चुकूलालंय काय रे?" मी त्यांच्या बाटलीवरचं लेबल बघितलं, लिटरला पावणेचार ग्रॅम. माझ्यापेक्षा हजार पटीनं घट्ट. त्यात काचेनं खाल्लेला रंग म्हणजे साठ हजारात एक भाग. म्हटलं नाही मामा, तुमचं काही चुकत नाही.

"मग दोन महिने तू काय केलास?"

मणी परत घेतले त्यानं, ब्लास्टिंगला लागतात म्हणाला. निळे झालेले पण चालतील काय विचारलं तर म्हणाला आण, चालतील.